मायचं जेड

कट्टा,
१० जून २०२४

डोरथीबाय, सलाम.

फोनवर तुमच्याशी बोलणं आता माझ्या आवाक्याबाहेर गेलं आहे. परवा मी गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली आणि तुम्ही मला सुरमईचा भाव विचारलात. मी ओरडून सांगितलं तेव्हा आमचे मुनव्वर बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं घरात साप निघाला. तेव्हा तुमचंच खरं, आपण पत्रं लिहू. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसून दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारलेत, आता जरा स्वतःची पत्रं पण येऊ देत.

घराची किल्ली माझ्याकडे आहे, काळजी करू नका. खिडक्या उघडते, झाडलोट करते. पण तुमच्या कुंड्यांचं काय करू ते सांगा. तुम्ही एप्रिलमध्ये लेकाकडे, रॉयस्टनकडे, पुण्याला गेलात आणि ह्या जाड पानांच्या मंडळींनी घर ताब्यात घेतलं. पानफुटीची पिल्लं पायऱ्यांच्या फटीत उगवली आहेत. कोरफडीनं कुंडी फोडली. घायपातीनं माझी ओढणी दोनदा धरली. दाराजवळचं ते काटेरी मुकुटाचं झाड वाटेवर असं आडवं झालंय की आत जाताना अंग चोरावं लागतं. मुनव्वर बघून म्हणाले, "अगो, ही बाग आसा काय रान?"

पडवीतलं मोठं जेडचं झाड तर सगळ्यांवर कडी आहे. एका बाजूला इतकं कललंय की कुंडीखाली मी चिरा लावून ठेवलाय. परवानगी असेल तर सगळ्यांचे केस कापते. माझ्या हाताला गुण आहे, तुम्हाला ठाऊक आहे. आमची जास्वंद बघा.

तुमची मरियम

*

पुणे,
२० जून २०२४

मरियम,

तुझ्या हाताला गुण आहे तो जास्वंदीसाठी. ही झाडं वेगळी, तेव्हा नीट वाच.

कात्री वापरायची नाही, कात्रीनं देठ चेंगरतो. पातळ पात्याची सुरी घे, ती उकळत्या पाण्यातून काढून कोरडी कर. पानफुटी सगळी उपटलीस तरी चालेल, ती पुन्हा येतेच, कोणाला विचारत नाही. कोरफडीची पिल्लं मुळासकट वेगळी कर. शेजारच्या सुभद्राला हवी असतील तर दे, तिचे केस गळतात. घायपातीची खालची सुकलेली पानं फक्त काढ आणि काट्यांची टोकं कापून टाक. काटेरी मुकुटाचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नको.

आणि मुख्य गोष्ट. कापलेला तुकडा लगेच मातीत खोचायचा नाही. आठवडाभर सावलीत, कोरड्या जागी ठेवायचा. कापलेली जागा सुकून तिच्यावर पापुद्रा धरला की मगच लावायचा, आणि लावल्यावर पाणी जवळजवळ नाहीच. आपल्याकडच्या माणसांना हे जमत नाही. पावसात काय खोचलं तरी जगतं अशी सवय लागलेली असते.

जेडला हात लावू नको. ते माझ्या मायचं आहे. ती शेवटी माझ्याकडे राहायला आली तेव्हा कपड्यांच्या एका पेटीबरोबर ती कुंडी तेवढी घेऊन आली. मी घरी आले की त्याचं काय ते बघेन. चिरा लावलास ते बरं केलंस.

गुडघा वाकतो, पण मनाविरुद्ध. रॉयस्टन म्हणतो इथेच राहा. तिसऱ्या मजल्यावर राहून मी काय करू? इथे खिडकीतून दुसरी खिडकी दिसते.

डोरथीबाय

*

कट्टा,
४ जुलै २०२४

डोरथीबाय, सलाम.

हुकमाप्रमाणे काम झालं. दोन दिवस उघडीप मिळाली त्यात उरकलं. आता तुमची पायरी पायरीसारखी दिसते आणि दारातून दोन माणसं एकदम जाऊ शकतात. सुभद्रा कोरफड घेऊन गेली. "उपकार झाले" म्हणायला लागली तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला, झाडाचे उपकार मानले तर झाड रुसतं असं तुम्हीच सांगता. कापलेले तुकडे तुमच्या मागच्या खोलीत वर्तमानपत्रावर पसरलेत. बाळंतिणीच्या खोलीत सुद्धा एवढा कोरडेपणा राखत नसतील.

आता जेडचं. हात लावला नाही, पण डोळे लावले. जवळ बसून बघितलं तर त्याच्यावर जागोजागी जुन्या कापल्याच्या खुणा आहेत. बारीक, तिरप्या, एका झटक्यात कापलेल्या. कापणाऱ्याचा हात सराईत होता. तुम्हीच कापलंत ना? आणि त्या प्रत्येक खुणेवर एक पांढरा ठिपका बसलाय. मी मुनव्वरना बोलावलं. त्यांचा जीव कलमांच्या बागेत अडकलेला, त्यांना पांढरं दिसलं की पिठ्या ढेकूणच आठवतो. म्हणाले, ही कीड आहे, आज तुमच्या जेडवर, उद्या आमच्या आंब्यावर. कापून काढल्याशिवाय जायची नाही म्हणतात.

मी त्यांना थांबवून ठेवलंय. पण पावसाची झड पडवीत येते आणि झाड रोज थोडं थोडं खाली येतंय. लवकर लिहा.

मरियम

*

पुणे,
१३ जुलै २०२४

मरियम,

मुळीच कापू नको. साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून ते पांढरं पुसून काढ. पिठ्या ढेकूण असेल तर पुसला जातो. मुनव्वरना सांग, आंबा आणि जेड ह्यांची सोयरीक लावू नका.

दुसरं असं, की मी त्या झाडाला कधी सुरी लावलेली नाही. माय गेल्यापासून तर नाहीच. तिनं कापलेल्या खुणा केव्हाच बुजल्या असतील. मग ह्या कोणाच्या? माझ्या पाठीमागे पडवीत येऊन फांद्या कोण नेतं? तू समोर राहतेस, तुला दिसल्याशिवाय राहणार नाही. ज्याला हवी त्याला मी पानफुटी देईन, कोरफड देईन, पण त्या झाडाची फांदी मी कोणालाही दिलेली नाही आणि देणारही नाही. कोण ते स्पष्ट लिही.

डोरथीबाय

*

कट्टा,
२७ जुलै २०२४

डोरथीबाय,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

तुमचं पत्र उशिरा आलं. घाटात दरड पडली होती, टपाल अडकून राहिलं. त्याआधीच्या रविवारी मोठं वादळ झालं आणि जेड कुंडीसकट पडवीतून खाली अंगणात पडलं. पावसात, उताणं. आम्ही दोघांनी उचलून आत घेतलं. फांद्या मोडल्या होत्या, वर ते पांढरे ठिपके. मुनव्वर म्हणाले, आता तरी काप. मी कापलं. खोडापर्यंत कापलं. डोरथीबाय, मला वाटलं मी वाचवते आहे. मग चांगल्या चांगल्या फांद्या निवडल्या आणि लगेच मातीत खोचल्या, वर पाणी घातलं. तुम्ही सगळं लिहून कळवलं होतंत, ते मी बाकीच्यांसाठी अक्षरशः पाळलं. पण समोर मोडलेलं झाड आणि बाहेर आषाढाचा पाऊस, हात आपोआप मातीकडे गेला. माझी आई तशीच लावायची, तिची आई तशीच.

सगळ्या फांद्या कुजल्या. काल खोडावर अंगठा दाबला तर आत गेला. तुमच्या मायचं झाड मी मारलं. मला जेवण जात नाही.

पण एक सांगायचंच आहे. तुमचं पत्र आल्यावर मी टाकून दिलेली एक फांदी उचलली आणि तो पांढरा ठिपका कापसानं पुसला. पुसला जाईना. नखानं खरवडला तर पूड निघाली. जिभेला लावून बघितली. ती कीड नव्हती. चुना होता, पानाला लावतात तो. झाडाला चुना कोण लावतं?

तुमची अपराधी,
मरियम

*

पुणे,
९ ऑगस्ट २०२४

मरियम,

जेव. झाड गेलं, तू कशाला उपाशी राहतेस? मला राग आला होता. तो चुन्याच्या ओळीपर्यंत पुरला, पुढे नाही.

माझी माय पान खायची. तिची पितळेची चुन्याची डबी होती, कमरेच्या पिशवीत कायम. जेडची फांदी कापली की ती करंगळीच्या टोकावर चुना घ्यायची आणि कापलेल्या जागी दाबायची, म्हणजे आपल्या ओल्या हवेत झाड कुजत नाही. आम्हा दोघी बहिणींना तिनं तसंच शिकवलं. दुसऱ्या कोणाला असं करताना मी जन्मात बघितलं नाही. ते ठिपके मी लावलेले नाहीत. मग जगात एकच माणूस उरतं.

जॉयसी. माझी धाकटी बहीण. तू आमच्या शेजारी आलीस तेव्हा आमचं बोलणं बंद झालेलं होतं, म्हणून मी तुझ्याकडे तिचं नाव कधी काढलं नाही. माय गेली तेव्हा ती कुवेतला होती. जुलै महिना, पहाटे माय गेली. जॉयसीचं विमान गोव्याला उतरेना, पावसानं फिरत राहिलं. मग रस्त्यात पाणी. आम्ही दिवसभर थांबलो. संध्याकाळी मी फादरना सांगितलं, आता आटपू या. ती पोचली तेव्हा शेवटची माती सारखी करत होते. सगळ्या गावासमोर ती म्हणाली, "माझी माय माका न दाखवता मातयेत घातलंस. माका तू बहीण नाय." त्याला अकरा वर्षं झाली.

का थांबले नाही ते मी कोणाला सांगितलेलं नाही. वीज गेलेली होती, बर्फ कुठून मिळेना. संध्याकाळपर्यंत मायचा चेहरा मायचा राहिला नव्हता. जॉयसी तिची लाडकी. तिनं तो चेहरा बघितला असता तर मग जन्मभर तोच बघितला असता. मी बघितला आहे. अजून बघते. तिला नको एवढंच मला वाटलं.

नंतर ती आणि तिचा नवरा जेरी कुवेत सोडून आले, सावंतवाडीजवळ इन्सुलीला घर बांधलं, हे मला कळलं होतं. मी गेले नाही. ती माझ्या पडवीत येते हे मला माहीत नव्हतं. कधीपासून येते? लपवू नको.

डोरथी

*

कट्टा,
२० ऑगस्ट २०२४

डोरथीबाय, सलाम.

तुमचं पत्र वाचून मी पडवीत तुमच्या पायरीवर जाऊन बसले. आता ऐका.

मी एका बाईला शब्द दिला आहे की ती आली होती हे मी तुम्हाला सांगणार नाही. तेव्हा कोण येतं, कधी येतं, ते मी सांगत नाही. मी तुम्हाला फक्त चहाचं सांगते. दर डिसेंबरात तुम्ही चर्चच्या फेस्ताला गोव्याला जाता, घर बंद असतं, तेव्हा मी एक कप जास्त चहा करते, बिनसाखरेचा. तो चहा आधी सिमेत्रीत कबरीवर मेणबत्ती लावून आलेला असतो आणि मग तुमच्या पायरीवर बसतो. मी कप नेऊन देते आणि माझ्या कामाला जाते, माणसाला एकटं बसायचं असतं हे मला कळतं. सुरी मी कधी बघितली नाही, चुना तर नाहीच, नाहीतर मी तुमचं झाड कशाला कापलं असतं? कप परत घेताना प्रश्न ठरलेला असतो. "तिचो गुडघो कसो आसा?" मग सावंतवाडीची गाडी.

आता दुसरं. मी तिला शब्द दिलाय, पण तुम्हाला कसलाच दिलेला नाही. तुम्ही मायच्या चेहऱ्याचं लिहिलंत आणि "कोणाला सांगू नको" असं कुठे लिहिलं नाहीत. पोस्टात नोकरी केलेली बाई असली सूचना विसरते यावर माझा विश्वास नाही. म्हणून मी काल फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडून मग फोन ठेवला गेला. रागावायचं असेल तर रागवा, जेडनंतर मला कशाची भीती राहिलेली नाही.

आणि विचार करा, डोरथीबाय. इथून ज्या फांद्या गेल्या त्या कुठेतरी लागल्याच असतील. तुमच्या मायचं झाड कुजलं ते कट्ट्याला. इन्सुलीला ते जिवंत आहे. एक फांदी मागा.

मरियम

*

पुणे,
६ ऑक्टोबर २०२४

मरियम,

उत्तराला उशीर झाला. बऱ्याचदा लिहायला बसले आणि उठले.

तू आगाऊ आहेस. रागावले नाही.

मागा म्हणतेस. कोणत्या तोंडानं मागू? आणि मागून चालतही नाही. माय म्हणायची, "मागून हाडलला झाड लागना नाय गो, चोरून हाडूक व्हया." मागून आणलेलं जगत नाही, म्हणून तिनं आयुष्यात कोणाकडे फांदी मागितली नाही. शेजारीण समोर असली तरी तिची पाठ वळायची वाट बघायची, आणि शेजारीणही शहाणी, ती मुद्दाम पाठ वळवायची. जॉयसी माझ्याकडून नेत होती ती तशीच. मी मात्र अकरा वर्षं पाठ वळवून बसले आणि मला ते कळलंसुद्धा नाही. ती दरवर्षी एखादीच फांदी नेत असणार, झाड कुरूप होऊ नये अशा जागेवरची, आणि मी पत्रात चोर शोधत होते. मला लाज वाटली. माझी बहीण माझ्या दारात येऊन बसायची आणि मी त्या वेळी गोव्यात रांगेत उभी राहून तिच्यासाठी प्रार्थना करायची.

डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं आहे. नोव्हेंबरात ऑल सोल्स, आपल्या मेलेल्यांचा दिवस, झाला की मी घरी येते, रॉयस्टन गाडीनं सोडणार आहे. कायमची येते. त्याला सांगितलं, खिडकीतून खिडकी बघायला मी जन्मले नाही. त्यानं बॅगा खाली काढून दिल्या.

वाटेत सावंतवाडीच्या पुढे माझं थोडं काम आहे. रॉयस्टन म्हणतो ही वाकडी वाट कशाला. म्हटलं, तू गाडी चालव. मायची चुन्याची डबी माझ्याकडेच राहिली होती, ती मी पर्समध्ये घेतली आहे. सुरी इथल्या स्वयंपाकघरातली घेते, रॉयस्टनच्या बायकोला सांगू नको.

एक मोकळी कुंडी उन्हात वाळवून ठेव. पाणी घालू नको.

डोरथीबाय

*

इन्सुली,
११ नोव्हेंबर २०२४

डोरू,

काल दुपारी तू आलीस तेव्हा मी खिडकीच्या आत उभी होते.

गाडी लांब वळणावर थांबवलीस, पण आमच्याकडे दुपारी कोणाची गाडी थांबत नाही, त्यामुळे जेरीनं मान वर केली. बघितलं तर तू काठी टेकत येतेस. रॉयस्टन गाडीजवळ उभा, केवढा झालाय. जेरी उठलाच. म्हणाला, "अगो, तुझी भयण इली, चाय तरी विचार." मी त्याचा हात धरला. म्हटलं, "गप बस. तिका चोरूक दी." तो मला वेडी म्हणाला. त्याला आमची माय माहीत नाही.

माझ्या पायऱ्यांवर तुझ्या पडवीतून आणलेली सगळी झाडं आहेत, बघितलीस ना? पहिलं माझ्या कमरेएवढं झालंय. तू त्याच्यासमोर उभी राहिलीस आणि बराच वेळ नुसती पानांवरून हात फिरवत होतीस. मग खाली वाकलीस. गुडघ्यानं तुला किती त्रास होतो ते मला दिसलं आणि मी दाराची कडी काढली. मग पुन्हा लावली. बाहेर आले असते तर फांदी दिलेली झाली असती. ती तुझ्याकडे रुजायला हवी आहे मला.

तुला कापता येत नाही, डोरू. माय असती तर तिनं हातावर चापट मारली असती. काय सुरी ती, भाजीची.

जाताना तू खिडकीकडे बघितलंस. पडदा हलला होता, मला ठाऊक आहे. मी पाठ वळवली.

मरियमनं मला ऑगस्टमध्ये सगळं सांगितलं. त्यानंतर मी तुला लिहिणार होते, शब्द सुचेनात. अजूनही म्हणेन, मला बघायचं होतं. कसाही चेहरा असता तरी बघितला असता. तू माझ्यासाठी ठरवायला नको होतंस. पण तू तो चेहरा एकटीनं बघितलास, एकटीनं झाकलास, आणि मी सगळ्यांसमोर बोलले ते ऐकून घेतलंस, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी तुझ्याजवळ कोणी नव्हतं. मी असते तर दोघी असतो. मला आता रडू येतं ते ह्याचं.

फांदी निदान आठवडाभर सुकू दे. मरियमला तिच्या आसपास फिरकू देऊ नको, हे तिला वाचून दाखव.

डिसेंबरात तू गोव्याला जाशील तेव्हा मी कट्ट्याला येणार नाही. परत येताना तूच इथे उतर, बस आमच्या नाक्यावर थांबते. राहायच्या तयारीनं ये. आल्यावर दार वाजव, चोरी एकदाच करायची असते.

तू गेल्यावर मी पायरीवर आले. झाडाजवळ डबी होती. मायची, तोच पोचा अजून. आत चुना भिजवलेला होता, ताजा. डबी हातात असताना तू कापलेल्या जागी चुना लावला नाहीस, ती जागा तशीच उघडी ठेवून गेलीस.

मी करंगळीनं लावला.

जॉयसी